वरच्या वाडीची गुरं

२० नोव्हेंबर २००५, रविवार

आज संध्याकाळी आनंदी गुरं घेऊन दारात आली. आनंदी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, काशीरामची बायको. सोबत मोरी गाय, तिची दोन वर्षांची कालवड आणि पोवळा बैल. अंगणात उभी राहून, डोक्यावरचा पदर सारखा करून म्हणाली, "दादा, ही आता हितंच बांधते. मी पण हितंच ऱ्हाते." मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

चार महिने ही गुरं शेजारच्या महिपतीच्या पडवीत होती. लोक विचारायचे, "मास्तर, भावाची गुरं घरी का नेत नाय?" गावचं पोस्ट माझ्याकडे असल्यामुळे सगळे मला मास्तर म्हणतात. मी पोस्टाच्या कामाचं काहीतरी कारण सांगायचो.

२५ जुलैला दुपारी साडेचारच्या सुमाराला डोंगराचा कडा सुटला आणि वरची वाडी, चौदा घरं, खाली आली. आमची खालची वाडी पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे म्हणून राहिली. काशीराम आणि आमचे बाबा वर राहायचे. बाबा तिसऱ्या दिवशी सापडले. काशीराम सापडला नाही. आनंदी बहिणीच्या बाळंतपणासाठी सव गावी, माहेरी गेली होती म्हणून वाचली, आणि आजवर तिथंच होती. त्यांना मूलबाळ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही तीन गुरं पऱ्याच्या काठावर उभी सापडली. गळ्यातली दावी कोयत्याने कापलेली होती. म्हणजे शेवटी तो गोठ्यात होता.

घरात यावर कुणी बोलत नाही. पोस्टात तारीख घालून लिहायची सवय आहे, म्हणून ही कोरी वही काढली.

काशीराम डोंगर यायच्या आदल्या शनिवारी माझ्याकडे येऊन गेला होता. पावसाचं बोलला.

२७ नोव्हेंबर

चाऱ्याचा प्रश्न आहे. यंदा कुणाकडेच पेंढा नाही. माझ्या खाचरांत पऱ्याचा गाळ बसला, काशीरामच्या खाचरात निम्म्यावर डोंगराची माती आली. दिवाळीनंतर ज्या उतारावरचं गवत आपण कापायचो तो उतारच राहिला नाही. महिपतीने दिलेल्या पेंढ्यात माघ निघेल, पुढे पावसाळ्यापर्यंत काय?

काल महाडला फुरकानच्या दुकानात गेलो. फुरकान तुडील गावचा. बारा वर्षं सौदीत एका मोठ्या गोठ्यावर होता. आता बियाणं आणि पशुखाद्य विकतो. त्याला परिस्थिती सांगितली. चहा मागवून म्हणाला, "मास्तर, आपल्याकडं भात कापलं की जमीन सहा महिने झोपते. तिकडं वाळवंट. पाऊस नाय, सावली नाय, पंचेचाळीस डिग्री. तरी आम्ही वर्षाला पाच कापण्या घेत होतो. तुमच्याकडं तर पऱ्या हाय."

त्याने कडवळ लावायला सांगितलं, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, आणि मधे चवळी. दोन महिन्यांत पहिली कापणी. बुडखा ठेवला की परत फुटतं, दुसरी कापणी उन्हाळ्यात. जुनं डिझेल इंजिनही देतो म्हणाला.

निघताना पायरीपर्यंत आला. "एक गोष्ट ध्यानात ठेवा. कमरेच्या वर गेल्याबिगर हे दावणीत टाकायचं नाय. कोवळ्या कोंबात विष असतं. पाण्याविना खुरटलं तर जास्तच. आमच्या तिकडं एकदा एका दिवसात नऊ गाई गेल्या."

मी मान हलवली. माझ्या डोक्यात एवढंच होतं की काशीरामचं खाचर हिरवं होईल.

४ डिसेंबर

महिपतीचा एक बैल आणि पोवळा अशी जोडी करून काशीरामचं खाचर नांगरलं. डोंगराची माती लालभडक आहे, आमच्या मातीत मिसळत नाही. वरच्या बाजूची, डोंगराला लागून असलेली पट्टी सोडली. महिपती म्हणाला, "तिथं पण घ्या की, चांगली माती हाय." मी म्हणालो, तिथं धोंडे आहेत.

धोंडे नाहीत. तिथं नांगर घालवेना.

१८ डिसेंबर

सहा दिवस कुंपण घालतोय. भात निघाल्यावर आमच्याकडे सगळ्यांची गुरं मोकाट असतात, या दिवसांत शेतात काही राखायचं ही कल्पनाच कुणाला नाही. करवंदीच्या जाळ्या तोडून हात फाटले. लोक बांधावर उभे राहून बघतात. वाडीतला गणू म्हणाला, "मास्तर, गवताला कुंपण घालणारे तुम्हीच पहिले."

गुरांचं एक सांगायचं राहिलं. रोज संध्याकाळी सोडली की तिन्ही एका रांगेत वर जातात. जुनी पायवाट जिथं तुटते तिथं, कड्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहतात. पुढे नुसती लाल माती. चरत नाहीत, हंबरत नाहीत. आनंदी जाऊन हाक देते तेव्हा वळतात. ती हाक काशीरामची आहे, शेवटचा सूर लांबवलेली. परवा मी पाटाचं काम करत वाकलो होतो आणि वरून ती हाक आली. हातातलं फावडं सुटलं. मग दिसली ती, पदर वाऱ्यावर उडत असलेली.

आज मी तिला म्हणालो, "आनंदी, तुला इथं काही कमी पडलं तर हिला सांग." ही म्हणजे माझी बायको, द्वारका. आनंदी खाली बघत म्हणाली, "कमी काय पडंल दादा? तुम्ही तेव्हापण जागा दिलीच होती की."

तिला काय म्हणायचं होतं कळलं नाही. विचारलंही नाही. शेण काढायला गेलो.

२१ डिसेंबर

पेरलं. आनंदी मागून बी सोडत होती, मी पुढे काकऱ्या ओढत होतो. पऱ्यावर गोण्यांत रेती भरून बांध घातलाय. पाणी तुंबलं आहे, गुडघाभर.

१४ जानेवारी २००६

संक्रांत. वीतभर वाढ झाली आहे. पहाटे दव पडतं तेव्हा सगळं खाचर राखाडी दिसतं, ऊन आलं की एकदम हिरवं. गावातले लोक आता हसत नाहीत, महिपती बियाण्याची चौकशी करून गेला.

हिने आनंदीला हळदीकुंकवाला बायकांत बसवलं नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "मी कुठं नको म्हणाले? तीच बसली नाय. आणि बसली असती तर बायकांनी कुंकू लावायचं का नाय, हे कुणाला ठावं?" खरंच आहे. आनंदीने मंगळसूत्र काढलेलं नाही. सापडलेच नाहीत तर मी कोण काढणार, असं ती एकदा हिला म्हणाली होती.

पोस्टात काशीरामच्या नावाने एक पत्र आलं, पुण्याच्या कुणा मित्राचं. त्याला माहीत नसावं. पत्ता वरच्या वाडीचा. परत पाठवायचं तर त्यावर कारण लिहावं लागतं. अजून खणातच आहे.

२६ फेब्रुवारी, रविवार

पहिली कापणी. कडवळ माझ्या डोक्याच्या वर गेलं होतं, काही ताटांत कणीस पोटरीत आलं होतं. चवळी त्याला वेटोळे घालून चढलेली. सकाळी सात ते अकरा आम्ही तिघं कापत होतो, महिपतीही आला. पहिला भारा आनंदीने डोक्यावर घेतला. घाम गळत होता, पण चालताना तिने मागं वळून खाचराकडे बघितलं आणि तिच्या तोंडावर इतक्या महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी हललं.

गुरांनी दावणीतून तोंड वर केलं नाही. ताटं मोडण्याचा कडाकड आवाज माजघरापर्यंत येत होता. मी जेवायला जायचं सोडून गोठ्याच्या दारात बसून राहिलो. ही म्हणाली, "गुरं खातात ती काय बघायची?"

एवढा चारा. त्या शनिवारी असा एक भारा जरी माझ्याकडे

हे नको.

१५ मार्च

शिमग्याची पालखी दरवर्षी आधी वरच्या वाडीत जायची, मग खाली. यंदा भोयांनी पालखी पऱ्यापाशी आणली आणि थांबले. कुणी ठरवलं नव्हतं. ढोलही थांबले. थोडा वेळ सगळे वर तोंड करून उभे होते. मग गुरवाने नुसता हात वर केला आणि पालखी वळवली.

आनंदी कुंपणाच्या आत उभी होती. बुडख्यांना नवे कोंब फुटलेत, ते बघत होती.

२० मार्च

इंजिनच्या एका भागासाठी महाडला गेलो. आज चवदार तळ्यावर गर्दी, निळे झेंडे, लांबलांबून लोक आलेले. एस.टी. गावाबाहेरच थांबली, चालत गेलो. फुरकानने दुकानाबाहेर पाण्याचे माठ मांडले होते आणि येणाऱ्यांना पाणी देत होता. मला बघून म्हणाला, "दुसरं पीक कसं हाय?"

मी म्हणालो, "फुटलंय चांगलं. पण पऱ्या आटत चाललाय."

"पाणी तुटलं तर लोभ करू नका मास्तर. सांगितलंय ते ध्यानात हाय ना?"

मी हो म्हणालो. मग त्याने सहज विचारलं, "भाऊ सापडला नाय तो नायच?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "माझा चुलत भाऊ तिकडं समुद्रात गेला. नऊ वर्षं झाली. माझी चाची अजून दोन वाट्या काढते, एक त्याची." आणि परत पाणी द्यायला वळला.

९ एप्रिल

पऱ्या आटला. बांधाच्या आत डबकं आहे, त्यात म्हशी बसतात. इंजिन चिखल ओढतं. कडवळ गुडघ्याला आलं आणि तिथंच राहिलं. दुपारी पानं गुंडाळून घेतं, रात्रीत जरा सैल होतं, सकाळी परत तेच. मातीला भेगा पडल्यात. एका भेगेत मी हात घालून बघितला. मनगटापर्यंत गेला. मग बराच वेळ तिथंच बसलो होतो असं महिपतीने सांगितलं. मला आठवत नाही.

२३ एप्रिल

पेंढा संपला. पहिल्या कापणीचा चारा गेल्या आठवड्यातच संपला. आनंदी सकाळी उंबराचा पाला आणते, तो काय पुरणार? मोरी गाभण आहे, तिच्या फासळ्या दिसतात. रात्री गोठ्यातून खुरांचा आवाज येतो. झोप लागत नाही. माझ्याच गोठ्यात, माझ्याच दावणीला त्याची गुरं उपाशी.

खाचर मात्र अजून हिरवं आहे. खुरटं, पण हिरवं. आज कापणीपासून छप्पन्न दिवस झाले. पहिल्या वेळी पेरल्यापासून सदुसष्ट दिवसांनी कापलं होतं. म्हणजे फार काही कमी नाही.

२८ एप्रिल

आज कापलं. एकसष्ट दिवस झाले. कोवळं कसं म्हणायचं? वाढ नाही झाली हा पाण्याचा दोष, वय तर झालं. एक भारा पुरे, आजच्यापुरता.

आता चार वाजलेत. आनंदी गोठ्यात आहे. मी हात धुऊन

२९ एप्रिल

मोरी गेली.

काल मी लिहीत असताना आनंदीने हाक मारली. भारा मीच दावणीजवळ टाकला होता. तिने एक पेंढी उचलली आणि विचारलं होतं, "दादा, हे चालंल ना?" मी म्हणालो होतो, चालेल. मोरी गाभण म्हणून तिने आधी मोरीला घातलं. मोरीने अधाशासारखं खाल्लं. कालवडीला थोडं मिळालं. पोवळ्याची पाळी यायची होती.

मी पोचलो तेव्हा मोरीचे पाय लटपटत होते. तोंडाला फेस. श्वास असा घेत होती की बरगड्यांचा भाता झाला. आनंदीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी दावणीतलं सगळं दोन्ही हातांनी बाहेर फेकलं, पोवळ्यापुढची टोपली लाथाडली. गणू मोटारसायकलवर पोलादपूरला डॉक्टर आणायला गेला. डॉक्टर तासाभरात आले. मोरी अर्ध्या तासातच गेली. पोटातलं वासरू तिच्यानंतर थोडा वेळ हलत होतं. आनंदीने तिच्या पोटावर हात ठेवला होता, ते थांबेपर्यंत काढला नाही.

कालवडीला इंजेक्शनं दिली. ती वाचली.

डॉक्टरांनी ताट मोडून बघितलं. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "सांगितलं होतं."

आनंदीने तेव्हा वर बघितलं.

१ मे

मोरीला काशीरामच्या खाचरात पुरलं, मी सोडलेल्या त्या वरच्या पट्टीत. दुसरी मोकळी जागा नव्हती. महिपती आणि गणूने खड्डा खणला. ते खणत होते तोवर मी त्यांच्या प्रत्येक फावड्याकडे बघत होतो. काही निघालं नाही.

माणसं गेल्यावर आनंदी तिथंच बसून राहिली. मीही बसलो, जरा लांब. दहा वाजले असतील, ऊन चढलं होतं. ती म्हणाली, "दादा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही गुरांसाठी किती केलंत. तेव्हा पण तुम्ही आण म्हणालात, ह्यांनाच उशीर झाला."

मी म्हणालो, "कोण म्हणालं आण?"

"तुम्ही. ह्यांनी मला सांगितलं. आदल्या ऐतवारी पोलादपूरच्या स्टँडवरनं सवला शेजाऱ्यांकडं फोन केला होता. म्हणाले, बांधाला चीर पडली हाय, पण दादा म्हणालाय गुरं माझ्याकडं आण, मंगळवारी नेतो."

डोंगर सोमवारी आला.

मग मी सगळं सांगितलं. इथंही लिहितो, कारण सव्वीस फेब्रुवारीला लिहिता लिहिता थांबलो होतो. शनिवारी काशीराम भिजत आला. पडवीतही चढला नाही, अंगणातूनच बोलला. "दादा, वरच्या बांधाला चीर पडलीय, हात जाईल एवढी. चार दिस गुरं तुझ्याकडं बांधू दे. मी न् बाबा पडवीत पडून ऱ्हाऊ." मी म्हणालो, "माझ्याकडं चारा कुठाय? तुझी गुरं तुझ्या दारात ठेव." तो म्हणाला, "बरं." एवढंच. परत वर गेला.

चारा होता. अर्धी उडवी शिल्लक होती. पण आदल्या साली पोवळ्याने माझा वालाचा मळा तुडवला होता आणि काशीराम हसला होता. ते माझ्या मनात होतं. एवढंच होतं, दुसरं काही नाही. गुरं वर राहिली म्हणून तो राहिला, तो राहिला म्हणून बाबा राहिले.

आनंदी ऐकत होती. म्हणाली, "नाय. ते माझ्याशी कधी खोटं बोलले नाय."

तिने मोरीवरच्या मातीचं एक ढेकूळ फोडलं.

"म्हणजे एकदाच बोलले," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

उठून गेली.

४ मे

वरच्या वाडीच्या उरलेल्या माणसांसाठी शाळेमागे पत्र्याच्या शेड बांधल्यात. आनंदीच्या नावाची एक होती, ती रिकामीच होती. आज सकाळी पोवळ्याला आणि कालवडीला घेऊन ती तिकडे गेली. हिने दारात अडवलं. "आनंदी, गो काय झालं? माझं काय चुकलं काय?" आनंदी म्हणाली, "तुमचं काय नाय वहिनी." माझ्याकडे बघितलं नाही.

मग मी हिलाही सांगितलं. हिने चुलीतलं लाकूड मागं ओढलं. नंतर म्हणाली, "मला आतून ऐकू आलं होतं त्या दिवशी. मला वाटलं, तुम्ही मागनं त्याला निरोप पाठवला असंल."

दहा महिने हिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

काशीरामच्या नावाचं पत्र आज परत पाठवलं. कारणाच्या जागी लिहिलं, "मयत".

७ मे

विळा घेऊन खाचरात गेलो होतो. सगळं उपटून पेटवून द्यायचं असं ठरवून गेलो होतो. काडी ओढली नाही. उकाड्याने जीव जातोय. कडवळ तसंच उभं आहे, गुडघाभर.

९ मे

फुरकान स्वतः आला, कुणाकडून तरी ऐकून. मला वाटलं बोल लावेल. लावला नाही. खाचरात फिरला, ताट मोडून चघळलं, थुंकलं. मग म्हणाला, "आमच्याकडं नऊ गाई गेल्या म्हणालो ना, तो चारा मीच टाकला होता. मुकादम म्हणाला टाक, मी टाकला. मला माहीत होतं."

आम्ही बांधावर बसलो. तो म्हणाला, "हे जाळू नका. कापून कडक उन्हात पातळ पसरा. रोज उलटवा. हिरवा वास गेला, ताट कटकन मोडायला लागलं की विष उडालेलं असतं. आम्ही नंतर तसंच करत होतो. तरी आधी एकाच जनावराला, थोडं, आणि बघत बसायचं."

"कुठल्या जनावराला?" मी विचारलं. "माझं एकही नाही."

तो म्हणाला, "मग ज्याचं हाय त्याला विचारा."

१० मे

कापलं. एकट्याने, तीन तासांत झालं, होतंच किती. खाचरातच पसरलं.

आनंदीच्या शेडपर्यंत गेलो. ती बाहेर पोवळ्याला चिंचेचा पाला घालत होती. लांबूनच सांगितलं, फुरकान काय म्हणाला ते. "तुझी गुरं आहेत. तू म्हणशील ते." ती पाला घालत राहिली. मी परत आलो.

१३ मे

दुपारी चारा उलटवायला गेलो तर उलटवलेला होता. मातीत बाईमाणसाची पावलं.

१४ मे

आजही.

१७ मे

सकाळी आठ वाजता आनंदी पोवळ्याला घेऊन खाचरात आली. कुंपणाच्या खुंटाला त्याला बांधलं. चारा वाळून तांबूस झाला होता, हातात घेतला की कटकन मोडत होता, वास गवताच्या उडवीसारखा. मी एक पेंढी सोडून तिच्या हातात द्यायला गेलो. तिने ती घेतली नाही. स्वतः वाकून मूठभर उचलला. माझ्याकडे न बघता विचारलं, "हे चालंल?"

मी म्हणालो, "मला ठाऊक नाही."

तिने मान हलवली आणि पोवळ्यापुढे मूठ धरली. त्याने वास घेतला आणि खाल्लं. मग आणखी एक मूठ. मग ती थांबली.

आम्ही बांधावर बसलो, चार हात अंतर ठेवून. डॉक्टरांना गणूकरवी आधीच सांगून ठेवलं होतं, गणू शाळेपाशी मोटारसायकल घेऊन उभा होता. पोवळा उभा होता. माशी बसली की कातडी थरथरवायचा, आणि प्रत्येक वेळी आम्ही दोघं पुढे झुकायचो. पाव तास गेला. मोरीचे पाय याच्या आतच लटपटायला लागले होते.

आनंदी बोलायला लागली, पोवळ्यावरची नजर न काढता.

"ऐतवारी फोनवर ह्यांनी आणिक एक विचारलं होतं. म्हणाले, मंगळवारपर्यंत कशाला थांबू, बाबांना घेऊन उद्या सकाळी सवलाच येतो. पाऊस थांबंपर्यंत ऱ्हातो तुझ्याकडं. मी म्हणाले, घरात बाळंतीण हाय, भावाचं घर ल्हान. आणि गुरं कुणावर टाकून येणार? दादा बांधून घेणार हाय ना मंगळवारी, मग ऱ्हावा तोवर." ती थांबली. "ते म्हणाले, बरं."

पोवळ्याने शेपटी झटकली.

"तसंच म्हणाले. बरं. तुम्हाला म्हणाले तसंच."

खाली शाळेची घंटा झाली असती एरवी, पण सुट्टी आहे.  मला तिला सांगायचं होतं की तुझं वेगळं आणि माझं वेगळं, तू माझ्या शब्दावर भरवसा ठेवलास. पण ते तिला माहीत आहे. चौदा दिवस शेडमध्ये ती त्याचाच विचार करत असणार. मला हेही कळलं की इतके महिने ती जी हाक रोज कड्याच्या तोंडाशी जाऊन देत होती, ती नुसती गुरांना नव्हती.

मी फक्त म्हणालो, "तो आपल्या दोघांवर पण रागावला नाही."

"नाय," ती म्हणाली. "रागावले असते तर बरं झालं असतं."

एक तास होऊन गेला होता. पोवळा पुढचे गुडघे टेकून हळूच खाली बसला. आनंदी ताडकन उठली, मीही उठलो. बैल अंग टाकून बसला, कान हलवले, आणि त्याचा जबडा आडवा फिरायला लागला. रवंथ करत होता. सावकाश, डोळे अर्धे मिटून.

आनंदी त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. त्याच्या गळ्याखाली हात घालून बघितला, मग नाकपुडीपाशी हात धरला. बराच वेळ. मग माझ्याकडे न वळताच हात मागे केला.

मी पेंढी सोडून तिच्या हातात दिली.